लांबणारे पेशंट

"काल तुझे बावीस पेशंट झाले, माझे एक्केचाळीस. आता यात मी काय करू, तूच सांग," दादा म्हणाला.

दवाखाना उघडायला दहा मिनिटं होती. बाहेर बाकावर माणसं येऊन बसू लागली होती.

दोघंही फॅमिली डॉक्टर. वडिलांच्या दवाखान्यात मधे भिंत घालून दोघा भावंडांनी दोन खोल्या केल्या, त्याला चौदा वर्षं झाली. जो जितके पेशंट बघेल, तितकी त्याची मिळकत, असं ठरलं होतं. पहिल्या वर्षी दोघांचं सारखंच निघालं. मग हळूहळू सर्दी-ताप दादाकडे जाऊ लागले आणि जे लांबायचं ते बहिणीकडे. पिशवीभर गोळ्या घेऊन येणारे म्हातारे, नुकत्या बाळंत झालेल्या मुली, नेमकं कुठे दुखतंय ते धड सांगता न येणारे. हे कोणी ठरवलं नव्हतं. दादा नंबर देणाऱ्या मावशींना एवढंच म्हणायचा, "यांना ताईंकडे पाठवा, ती ऐकून घेते." आता तो तिच्या दुप्पट कमवायचा आणि तिच्याआधी तासभर घरी जायचा.

"पेशंटवर नको, तासांवर वाटून घेऊ," बहीण म्हणाली.

"अगं, तू गप्पा मारत बसतेस. जरा हात उचल, आपोआप वाढतील."

"मग पुढच्या महिन्यापासून मी येत नाही. एका कारखान्याच्या दवाखान्यात ठरलंय. बांधलेला पगार आहे."

"बघ बाई," एवढं बोलून दादा आपल्या खोलीत गेला.

दीड वाजता तिने हात धुतले. मावशी आत डोकावल्या.

"ताई, अजून एक नंबर आहे," त्या म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या.

दादा आत आला. टेबलाशेजारच्या पेशंटच्या स्टुलावर बसला.

"चेष्टा करतोयस का?"

"नाही."

"काय होतंय?"

तो अडखळत सांगू लागला. तीन महिने झाले. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना छाती धडधडायची, हाताला घाम सुटायचा. आज आपल्या हातून कोणाच्या तरी उपचारात चूक होणार, असं वाटत राहायचं. कार्डिओग्राम, रक्त, सगळं त्याने गुपचूप करून घेतलं होतं. कशातच काही सापडलं नव्हतं. वहिनीला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. बहिणीने मधे एकदाही टोकलं नाही. फक्त उठून दार लावून घेतलं.

"एवढे मोठमोठे डॉक्टर तुझे मित्र आहेत," ती शेवटी म्हणाली. "त्यांच्यातल्या कोणाकडे का नाही गेलास?"

"ते पाच मिनिटांत मोकळं करतील," दादा म्हणाला. "मीही तेच केलं असतं."