खिडकीतला कप

दुपारी चार वाजता टोळी इंदूच्या दारात आली. मशिदीमागची गल्ली जाळून ती आता पळालेल्यांना शोधत होती. त्याच गल्लीतली खतीजा आतच बसली होती. अंगावर इंदूचं लुगडं, कपाळावर इंदूनंच लावलेलं कुंकू.

म्होरक्या वामन एकटाच आत आला. तो ओळखीचा होता, पण त्यानं खतीजाला बुरख्याशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

"वहिनी, पाहुण्या कोण?"

"धाकटी जाऊ माझी."

"मग चहा टाका की! सकाळपासून घोटभर नाही मिळाला."

इंदूनं तीन चहा गाळले. खतीजासाठी हात सवयीनं खिडकीकडे गेला. तिथं कान तुटलेला एक कप घरच्या कपांपासून वेगळा असायचा. खतीजा कायम त्यातच प्यायची, स्वतः विसळून ठेवायची. असा कप वामनच्याही घरी होता.

"जावेला खिडकीतला कप?" तो हसला.

भीतीच्याही आधी इंदूला लाज वाटली. "तो माझा, भावजी," म्हणत तिनं तो कप स्वतःच्या ओठाला लावला आणि आपला खतीजाला दिला.

वामन चहा संपवून बाहेर गेला. टोळीशी काय बोलला, ते ऐकू आलं नाही. माणसं अजून कोपऱ्यावरच उभी आहेत. चांगल्या कपातला चहा खतीजाच्या हातात निवत चालला आहे.