डावीकडचा मागचा स्पीकर

"दोनच स्पीकर बस आहेत बाबूजी," ओमेश्वर तिसऱ्यांदा म्हणाला.

"काऊन बस आहेत? गावात इंद्रकुमारच्या घरी दोन आहेत. आपल्या घरी पाच वाजले पायजे." मनोहरलालने दुकानदाराकडे पाहून डोळा मिचकावला. "कॉम्प्युटर याच्यासाठीच घेतला, अन् हाच कंजूषी करून राहिला."

ईश्वरदास हसला. गोंदियात इतकी वर्षं दुकान चालवून त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. पोरगा नको म्हणत असेल आणि बाप हो म्हणत असेल, तर बापाशीच बोलावं. त्याने दुकानाच्या मधोमध खुर्ची ठेवली. दोन स्पीकर पुढे, दोन मागे स्टुलांवर, एक मॉनिटरवर, आणि धमधम करणारा जड डबा टेबलाखाली.

"गाना तो सब पे अच्छा लगता है. पिक्चर भी," तो म्हणाला. "असली परीक्षा गेम में होती है. बैठो भैया."

ओमेश्वर नाइलाजाने बसला. पडद्यावर एक पडकी इमारत आणि हातात बंदूक. दुश्मन दिसत नाही, फक्त त्याची पावलं ऐकू येतात. ज्या बाजूने पावलं येतील तिकडे वळायचं आणि गोळी घालायची. खेळ एवढाच.

पहिला दुश्मन उजवीकडून आला आणि मेला. पुढच्या वेळी पडदा लाल झाला. ओमेश्वरच मेला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा लाल. पावलं कुठूनही येवोत, तो उजवीकडेच वळत होता.

"झोपून राहिला का तू? कान फुटले का रे?" मनोहरलाल काउंटरपासून ओरडला. तिथे त्याला नुसता गोंगाट ऐकू येत होता. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. ओमेश्वरही थोडा हसला.

ईश्वरदासने मागची तार काढून पुन्हा घातली. "अब आया? पीछे, बाएँ से?"

"हो. येते आता," ओमेश्वर म्हणाला. आणि उजवीकडे वळला. पडदा लाल.

आता मनोहरलाल चिडला. "एक स्पीकर मेलेला आहे तुमचा! खेड्यातले पाहून खराब माल गळ्यात मारून राहिले का?"

"काकाजी, माल एकदम ओके है. आप खुद बैठ के सुनो."

"ऊठ रे."

ओमेश्वर उठेना. "राहू द्या ना बाबूजी. दोनवालाच घेऊ."

"ऊठ म्हणतो ना!"

मनोहरलाल खुर्चीत बसला. ईश्वरदासने खेळ सुरू केला. मागून, डाव्या अंगाने, खडीवर कुणीतरी चालत आलं. इतकं जवळून की मनोहरलालने दचकून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. स्टुलावर स्पीकर होता, आणि तो ठणठणीत होता.

त्याने पोराकडे पाहिलं. ओमेश्वर उजवी बाजू त्याच्याकडे करून, मान खाली घालून उभा होता. तो नेहमी असाच उभा राहायचा. जेवायलासुद्धा डाव्या हाताला भिंत धरूनच बसायचा. एका हाकेत कधी ओ द्यायचा नाही. मनोहरलाल त्याला माज म्हणायचा.

मनोहरलालला एक दिवस आठवला. पोरगा तेव्हा आठवीत होता. धान पोटरीत आलेला, आणि चोरखमारा तलावाच्या कालव्याचं पाणी घ्यायची त्यांची पाळी. पोराला शेताच्या धुऱ्यावर राखण बसवलं, तर तो रेडिओ डाव्या कानाला लावून क्रिकेट ऐकत बसला. तेवढ्यात शेजाऱ्याने पाणी आपल्या धानाच्या बांधीत वळवून घेतलं. मनोहरलालने लांबून तीन हाका मारल्या. मग जाऊन, रेडिओ होता त्याच कानावर एक झापड दिली. एकच. पोरगा चिखलात पडला, पण रडला नाही. एका झापडीत सुधारला, असं मनोहरलाल आजवर चार लोकांत सांगत आला होता. ओमेश्वरसमोरही सांगितलं होतं.

आणि आत्ताच, भर दुकानात, त्याला कान फुटले का म्हणून विचारलं होतं. शरमेने मनोहरलालला खुर्चीतून उठवेना.

"क्या हुआ काकाजी? खराब है?"

"नाही. चांगला आहे. तुमाले उगीच बोललो मी. माफ करा."

दुकानदाराची माफी मागायला काही वेळ लागला नाही.

"पाचवालाच बांधा," ओमेश्वर ईश्वरदासला म्हणाला. "घरी सगळे ऐकतील."

परत जाताना मोटारसायकल ओमेश्वर चालवत होता. मागे मनोहरलाल, आणि दोघांच्या मधे स्पीकरचा खोका. काही बोलायचं तर खोक्याच्या एका बाजूने वाकावं लागे. तिरोड्याच्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. ओमेश्वरने इंजिन बंद केलं. गाडी यायला वेळ होता. आजूबाजूला कुणी नव्हतं.

मनोहरलाल उजवीकडे वाकला. तोंड उघडलं, आणि मिटून सरळ बसला.

मग तो डावीकडे वाकला. पार कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "मीच मारलो होतो रे तुले. चुकलो बेटा. माफ कर."

कानाला वारा लागल्यासारखी ओमेश्वरने मान हलवली आणि वळून पाहिलं. "काही म्हटलं का बाबूजी?"

"नाही," मनोहरलाल म्हणाला. "समोर पाह."