अंगठ्याखालचा आकडा

बाईंनी कागद उलटा केला आणि सवयीने कोपऱ्यावर अंगठा फिरवला. एकतीस.

चित्रकलेच्या प्रवेश परीक्षेचा कागद दोघांनी तपासायचा असा नियम होता. आधी सर. ते मागच्या कोपऱ्यात गुण लिहायचे, कोपरा दुमडून चिकटवायचे आणि मग गठ्ठा बाईंच्या टेबलावर यायचा. सरांनी किती दिले हे बाईंना कळू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. पण सर पेन असं दाबून चालवायचे की दुमडलेल्या कागदातूनही आकडा बोटाला लागायचा. बाई मग एखादा गुण इकडे, एखादा तिकडे करून मोकळ्या व्हायच्या. अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. दोघांचे गुण इतके जुळायचे की मुख्य परीक्षक नव्या लोकांना सांगायचे, "कला मोजता येत नाही म्हणणाऱ्यांना या दोघांकडे पाठवा."

एकतीस म्हणजे नापास. बत्तीस लिहायचे म्हणून बाईंनी पेन उचललं, सहज चित्र सुलट केलं, आणि पेन हातातच राहिलं.

विषय होता 'घरातलं माणूस'. खुर्चीत एक तरुण झोपला होता, बहुतेक मोठा भाऊ. एक बूट पायात, दुसरा हातात. कामाला निघाला होता की कामावरून आला होता, देव जाणे. पाय नको तेवढे लांब. खुर्चीला तीनच पाय. खोडून खोडून हाताजवळचा कागद पार विरला होता. सगळं चुकलं होतं, आणि तरी बाईंना वाटत होतं, उठावं, याला जाग येऊ न देता हातातला बूट हळूच काढून घ्यावा.

त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला. एकतीस ते एकतीसच. "डोळे फुटले होते का यांचे?" त्या पुटपुटल्या, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. सकाळपासून एकवीस चित्रं हातावेगळी केली होती. त्यातलं एकही आता डोळ्यांपुढे येईना. आकडे तेवढे आठवत होते.

बाईंनी चौऱ्याऐंशी लिहिले आणि कागद घेऊन तडक मुख्य परीक्षकांचं टेबल गाठलं.

"हा तिसऱ्या परीक्षकाकडे जाईल. जरा जाणत्या माणसाकडे द्या हो. या मुलाची जागा जाता कामा नये."

"दहाच्या वर फरक पडला तरच तिसरा परीक्षक. अजून कोपरा कुठे उघडलाय?" मुख्य परीक्षक हसले, आणि हसता हसता थांबले. "बाई, तुम्हाला कसं कळलं?"

खिडकीशी सर चहा पीत उभे होते. त्यांनी मान वळवली नाही.

थाप मारता आली असती. अंदाज म्हणायचं, इतक्या वर्षांचा अनुभव म्हणायचं. पण मग चौऱ्याऐंशीसुद्धा थापच ठरले असते.

"अंगठ्याने," बाई म्हणाल्या. "सरांचा आकडा हाताला लागतो. अकरा वर्षं मी तोच देतेय, थोडा मागेपुढे करून. हे चौऱ्याऐंशी तेवढे माझे."

"तुमचे कशावरून? आज सरांना विरोध करायची लहर आली असेल."

"असेलही. ते मला कसं सांगता येणार? पण तुम्ही एकदा चित्र तर बघा."

सरांनी कप खाली ठेवला. "कोपरा उघडा."

मुख्य परीक्षकांनी पट्टीने कोपरा सोडवला. आत पुसट अक्षरात एक्याऐंशी लिहिले होते.

"ते मी हलक्या हाताने लिहिलं," सर म्हणाले. "मग वरून रिकाम्या रिफिलने एकतीस दाबले. मागच्या वर्षी मी तुमचा अंगठा पाहिला, बाई. झोप उडाली माझी. दोन माणसं वेगवेगळी बसून तेच बघतात, म्हणजे चित्रात काहीतरी असतं, नुसती आपली मर्जी नसते, या एका भरवशावर मी जन्मभर गुण दिले. आज कळलं. असतं काहीतरी."

"वा, वा! तीनचाच फरक!" मुख्य परीक्षक खुशीत आले. "म्हणजे शेवटी मोजता येतंच की हो."

"घाई करू नका. खोटे आकडे मी अख्ख्या गठ्ठ्यावर दाबलेत. संध्याकाळी सांगणारच होतो."

मुख्य परीक्षकांनी बाईंच्या टेबलावरून तपासलेला गठ्ठा आणला आणि वरचा कागद उघडला. सरांचे शहात्तर, बाईंचे एकोणचाळीस. दुसरा उघडला. सरांचे अठ्ठावीस, बाईंचे सहासष्ट. तिसऱ्याला त्यांनी हात लावला नाही.

"मला वाटलं होतं, दोन-तीन ठिकाणी तरी तुम्ही अडाल," सर हळूच म्हणाले.

बाईंचे कान तापले. त्यांनी उरलेल्या एकोणीस कागदांवरचे आपले गुण एकेक करून खोडले, गठ्ठा सरांच्या हातात दिला आणि समोर खुर्ची ओढून बसल्या.

"मला कागद देऊ नका. तुम्ही धरा, लांबून. आणि तोंड भिंतीकडे करा."

सरांनी भिंतीकडे तोंड करून पहिलं चित्र खांद्यावरून मागे धरलं. बाईंनी दोन्ही हात पाठीशी घट्ट धरले. बराच वेळ झाला. सरांचा हात भरून आला, कागद थरथरायला लागला.

"किती?" मुख्य परीक्षकांनी पेन उघडून विचारलं.

"थांबा हो," बाई म्हणाल्या. "बघतेय अजून."