चष्मा शोधायला लागणारा वेळ

"ओटीपी आला का, अण्णा?" ऋजुताने फोन खांद्याला दाबून धरत विचारलं. ऑफिसात समोरच्या स्क्रीनवर तिच्या चाचणीचा आलेख हिरवा चालला होता. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याची साइट उद्या सुरू होणार होती. गर्दीत ती टिकते का हे बघायला चाचणीच्या टूलमधले हजारो खोटे पेन्शनर आत शिरून झटपट बाहेर पडत होते.

"थांब गं, चष्मा शोधतो," वडील म्हणाले. बराच वेळ नुसते ड्रॉवर उघडल्याचे आवाज. मग, "अगं, हे परत पहिल्यापासून विचारतंय. वीजबिल तूच भर बाई."

फोन ठेवल्यावर तिला चैन पडेना. तिने टूलची सेटिंग उघडली. दोन क्लिकच्या मधे माणूस किती थांबतो? एक सेकंद. टूलमध्ये आधीपासून असलेला तो आकडा तिनेच तसाच राहू दिला होता. तिथे दोन मिनिटं टाकून तिने चाचणी पुन्हा लावली. आता जुने पेन्शनर आतच रेंगाळत होते आणि नवे येतच होते. आलेख लाल झाला. साइट आडवी झाली.

टीम लीड गोसावी धावत आला. "सकाळी तर सगळं हिरवं होतं!"

"सकाळी कुणी चष्मा शोधत नव्हतं."

"ऋजुता, उद्या उद्घाटन आहे. जुनी सेटिंग टाक आणि क्लायंटला रिपोर्ट पाठव."

तिने कीबोर्ड ओढला आणि ‘सेंड’ दाबलं.

"गेला रिपोर्ट," ती म्हणाली आणि लाल स्क्रीन त्याच्याकडे वळवली.