चकाकी काढल्यावर

सन २०२४ च्या मार्गशीर्षातील एका दुपारी, छत्रपती संभाजीनगरात, उस्मानपुऱ्यातील आपल्या दवाखान्यात डॉ. उमा पाठक यांनी मोनिकाच्या दातांचे छायाचित्र घेतले. अपघातात तुटलेल्या पुढच्या दाताच्या जागी नवा बसवायचा होता आणि त्याचा रंग शेजारच्या दातांशी जुळणे आवश्यक होते. फ्लॅशच्या चकाकीत खरा रंग झाकला जातो, म्हणून त्यांनी फ्लॅशवर आणि भिंगावर ध्रुवीकरणाच्या काचा चढवल्या. चकाकी नाहीशी झाली आणि गावच्या विहिरीच्या फ्लोराइडयुक्त पाण्याने लहानपणीच पडलेले तपकिरी पट्टे पडद्यावर स्पष्ट उमटले.

“नवा दातही असाच, पट्ट्यांसकट करावा लागेल.”

“नको मॅडम, पांढराच करा,” मोनिका म्हणाली. “असले दात दिसले की लोक लगेच गाव ओळखतात.”

त्याच पाण्यावर वाढलेले तिचे वडील पुंजाराम शेजारी बसले होते. “खरं हाय. मला तर बसस्टँडवरच वळखतात,” म्हणत ते हसले, आणि हसताना त्यांनी तोंडापुढे रुमाल धरला. तोंड झाकून हसण्याची सवय त्यांना कधीच नव्हती.

मोनिकाने त्यांचा हात हळूच खाली घेतला.

“पट्टे असू द्या, मॅडम.”