उनाडचा कोड

"नाही चालणार," कंपनीच्या वकीलबाई म्हणाल्या, आणि तिसरा कोडही बाद झाला.

प्रोग्रामरचं तोंड एवढंसं झालं. एकाच रुग्णाचं नाव दोनदा थोडं वेगळं लिहिलं गेलं की हॉस्पिटलात त्याच्या दोन फायली होतात. अशी नावं ओळखून फायली एक करणारं सॉफ्टवेअर त्याने एकट्याने उभं केलं होतं. संध्याकाळी ते ग्राहकाला दाखवायचं होतं, नाहीतर काम हातचं जाणार होतं. अडलं होतं एवढंच, की दोन नावं किती जुळतात हे सांगणारा कोड हवा होता. तसे कोड इंटरनेटवर पैशाला पासरी. पण एकाच्या परवान्यात अट, आपलंही सगळं सॉफ्टवेअर जगाला खुलं करा. दुसऱ्यात धंद्यासाठी वापरायलाच मनाई. तिसऱ्याची तीच गत.

वकीलबाईंना ऑफिस पाठीमागे सासूबाई म्हणायचं. हिला कोडमधलं काय कळतंय, असं पुटपुटत तो जागेवर गेला.

दुपारी त्याला घबाडच सापडलं. 'उनाड' नावाच्या कुणीतरी कॉलेजात असताना लिहून इंटरनेटवर ठेवलेला कोड. छोटा, सुटसुटीत, अधूनमधून टिपांमध्ये वात्रटपणा. त्याने चाचणीची नावं टाकून पाहिली. सगळी चोख जुळली. तो जवळजवळ नाचतच वकीलबाईंच्या खोलीत शिरला आणि लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला.

त्या बराच वेळ वाचत राहिल्या. एका टिपेपाशी चक्क खुदकन हसल्या. आता काम झालंच, असं त्याला वाटलं.

"यात परवानाच नाही," त्या म्हणाल्या. "परवाना नाही म्हणजे सगळे हक्क लिहिणाऱ्याचे. हात लावायचा नाही."

त्याला रडूच यायचं बाकी होतं. या उनाडला आता शोधायचं कुठे, तो तर कित्येक वर्षांत इकडे फिरकलेलाच नाही, असं तो काकुळतीने सांगत राहिला.

वकीलबाईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि उनाडच्या खात्यासाठी पासवर्ड टाकला. तो चुकला. जरा आठवून त्यांनी दुसरा टाकला. खातं उघडलं. मग त्यांनी भराभर परवाना टाइप केला: कुणीही वापरा, धंद्यासाठीही वापरा, फक्त माझं नाव राहू द्या. खाली सही केली, उनाड.

तो आ वासून बघत राहिला. वकीलबाईंनी लॅपटॉप त्याच्या हातात दिला आणि चष्मा नीट केला.

"आता रीतसर माझ्याकडे पाठव," त्या म्हणाल्या. "तपासल्याशिवाय मी कुणाचाच कोड मंजूर करत नाही."