किताब या घरातच येणार

"टेबलावरची ही जागा मोकळी करायला हवी," देल्फिना म्हणाली (गाव तिला आदरानं 'दोन्या' म्हणायचं) आणि तिने लेस विणायची चौकट उचलून खाटेवर ठेवली. "किताबाचा करंडक इथे ठेवू."

रेडिओची वार्ताहर लिदिया कसंनुसं हसली. ती राजधानी असुन्सिओनहून मुद्दाम इतागुआला आली होती. दक्षिण अमेरिकेतला वर्षातला सर्वोत्तम फुटबॉल प्रशिक्षक थोड्याच वेळात मोंतेविदेओत जाहीर व्हायचा होता. शेवटच्या दोघांत देल्फिनाचा आर्सेनियो होता. तो क्षण थेट आईच्या घरातून ऐकवायचा, असं ठरलं होतं. पण सकाळीच लिदियाच्या कानावर आलं होतं, की मतं दुसरीकडे झुकली आहेत. आता म्हातारीला हे सांगायचं कसं?

"फाबिआन ओलिवेराही तोलामोलाचा आहे, दोन्या," ती जपून म्हणाली. "अंतिम सामन्यात त्याच्याच संघानं आर्सेनियोला हरवलं."

"पाहिला की मी. तेव्हा मोंतेविदेओला बहिणीकडे होते." देल्फिनानं थंडगार तेरेरेचा पेला पुढे केला. "आर्सेनियोनं खेळाडू उशिरा बदलले. पहिल्यापासून तसाच. जेवायला हाक मारली की अर्ध्या तासानं उगवायचा."

"आणि ओलिवेरा?"

"तो उतावळा. पण डोकं तेज."

अंगणात शेजारीपाजारी जमले होते. भट्टीतून काढलेल्या गरम चिपा पावांची टोपली फिरत होती.

"दोन्या, हरलो तर चिपा फुकट ना?" एलिहियो खाटकानं विचारलं.

"जिंकलो तरी फुकट. खा मुकाट्यानं."

"एवढी खात्री?"

"मुलाचा किताब आईच्या घरी नाही, तर काय तुझ्या दुकानात जाणार?"

सगळे हसले. तेवढ्यात रेडिओवर पाकीट फाडल्याचा आवाज आला, आणि मग नाव. फाबिआन ओलिवेरा.

एलिहियोनं डोक्यावरची टोपी काढली. देल्फिना मात्र शांतपणे हात पुसत होती. तिला नाव नीट ऐकूच गेलं नसावं, असं लिदियाला वाटलं.

"दोन्या, आपला आर्सेनियो हरला," ती हळूच म्हणाली.

"ऐकलं मी. त्याच्यासाठी वाईट वाटलंच."

फोन खणखणला. निदान मायलेकांचं बोलणं तरी श्रोत्यांना ऐकवावं, म्हणून लिदियानं माइक जवळ नेला.

म्हातारीनं फोन कानाला लावला.

"रडतोस कशाला, फाबिआन?" ती म्हणाली. "मावशीच्या ओटीत दिलं, तेव्हाही असाच रडला होतास. आधी तुझ्या थोरल्या भावाला मिठी मार, मग माझ्याशी बोल."